कार्डांची तुलना कुणी केली

आमच्या घरात सिमकार्डापासून गॅसच्या नोंदणीपर्यंत सगळं पुरुषांच्या नावावर आहे. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही, सवय आहे. दुकानाच्या पाटीवर नवऱ्याचं आणि दिराचं नाव, दुकानाचा ईमेल दिराच्या फोनवरून काढलेला, आणि लग्नाच्या व्हिडिओच्या शेवटी 'मिक्सिंग' या शब्दाखाली येतं तेही दिराचंच नाव. मिक्सिंग मी करते. ते नावसुद्धा त्या व्हिडिओत मीच टाइप करते, रंग निवडते, खालून वर सरकवते. म्हणून कॉम्प्युटरवर एक दिवस 'नाव' असा रकाना समोर आला तेव्हा हाताच्या सवयीनं मी दिराचं नाव टाकलं आणि पुढं गेले. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आता वाटतं, पण आता वाटून काय उपयोग.

सेलूत आमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. नवरा कॅमेरा धरतो, दीर गिऱ्हाईक धरतो, आणि घराच्या मागच्या खोलीत मी मिक्सिंग करते. लोकांना वाटतं मिक्सिंग म्हणजे मध्ये मध्ये गाणी लावणं. चार कॅमेऱ्यांचं शूटिंग एका धाग्यात ओवायचं, मांडवाच्या लाल पडद्यानं लाल झालेले चेहरे माणसाच्या रंगाला आणायचे, रुसलेल्या मामाचा चेहरा शिताफीनं कापायचा, हे सगळं कोण करतं असं त्यांना वाटतं कोण जाणे. या कामाला कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड चांगलं लागतं. चित्रांची सगळी आकडेमोड तेच करतं. आमच्याकडं अशी दोन होती. एक जुनं, काळं, दुसऱ्याच्या हातचं घेतलेलं. दुसरं नवं, तीन पंख्यांचं, आत निळे-जांभळे दिवे लागणारं. दिवे दिराला हवे होते. कॅबिनेट टेबलाखाली असतं आणि खोलीत माझ्याशिवाय कुणी येत नाही, पण दिवे हवे होते.

कोरोनात लग्नं बंद पडली. दुकानाचं शटर खाली, नवरा ओट्यावर, दीर फोनवर, आणि मागच्या खोलीत एवढं मोठं मशीन नुसतं बसून. तेव्हा मला वाचायला मिळालं, की जगभरातले लोक आपापलं रिकामं मशीन शास्त्रज्ञांना वापरायला देतात. आपल्या शरीरातली प्रथिनं स्वतःची घडी कशी घालतात आणि घडी चुकली की रोग कसा होतो, याचं एक प्रचंड गणित असतं. ते कुण्या एका कॉम्प्युटरला झेपत नाही, म्हणून त्याचे तुकडे करून वाटतात. आपल्या मशीननं एक तुकडा घ्यायचा, सोडवायचा, परत पाठवायचा. त्याबद्दल पैसा मिळत नाही. पॉइंट मिळतात आणि एका यादीत नाव वर सरकतं. मला ते फार आवडलं. लग्नाआधी बी.एस्सी. करत होते मी, स्थळ चांगलं आलं म्हणून अर्ध्यात सोडली. वीस लग्नांच्या हळदी लागोपाठ जोडताना जे डोकं गंजत होतं त्याला खाद्य मिळालं. नाव टाकायचा रकाना आला तो तिथंच.

माझं माहेर येलदरीचं. वडील धरणाच्या पॉवरहाऊसवर कामाला होते. आमच्या घरात जेवताना सुद्धा वीज किती, पाणी किती, हेच बोलणं. कुठलीही गोष्ट 'चांगली चालते' असं म्हणालं की वडील विचारायचे, किती खाऊन? ती खोड मला लागली आहे. आमचं मशीन काम करायला लागलं आणि मला प्रश्न पडला, की या दोन कार्डांत खरं चांगलं कोणतं.

लोक याचं उत्तर पॉइंट बघून द्यायचे. नव्या कार्डाला रोज जास्त पॉइंट, म्हणजे नवं चांगलं. माझ्या लक्षात आलं की पॉइंटात गडबड आहे. तुकडा लवकर सोडवून दिला तर जादा पॉइंट मिळतात, म्हणजे वेगवान कार्ड आहे त्याहून जास्तच वेगवान दिसतं. शिवाय तुकडे सारखे नसतात. छोटं प्रथिन आलं तर मोठं कार्ड अर्धं झोपूनच असतं, आणि मोठं आलं की जुन्या कार्डाचा जीव निघतो. म्हणून मी पॉइंट सोडले. एकाच जातीचे तुकडे दोन्ही कार्डांवर चालवले, प्लगमध्ये वीज मोजायचं यंत्र लावलं, खोलीतलं तापमान लिहिलं आणि दिवसाकाठी खरं काम किती झालं तेवढंच धरलं. थंडीत केलं, मग उन्हाळ्यात पुन्हा केलं. मध्ये कापसाचा हंगाम आला. आमच्या गल्लीपासून जिनिंगचा कारखाना लांब नाही. सगळ्या हवेत कापसाचे तंतू, आणि ते कार्डाच्या पंख्यात जाऊन बसतात. ते ब्लोअरनं काढण्याआधीचे आकडे वेगळे आणि काढल्यानंतरचे वेगळे. दोन्ही लिहिले.

शेवटी निघालं ते असं. थंडीत नवं कार्ड जुन्याच्या कितीतरी पुढं. पण आपल्याकडच्या वैशाखात, दुपारी, बंद खोलीत तेच कार्ड तापून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं. वर व्होल्टेज हललं की मशीन बंद पडतं आणि अर्धा सोडवलेला तुकडा वाया. मात्र त्याच कार्डाला मिळणारी वीज आपण होऊन थोडी कमी केली, तर वेग अगदी जरासा घटतो, वीज बरीच वाचते आणि मशीन दिवसभर न पडता चालतं. म्हणजे मोठं कार्ड घ्या, पण त्याला पोटभर खाऊ देऊ नका. हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून त्या लोकांच्या चर्चेच्या पानावर टाकलं. थंड देशातल्या एकानं लिहिलं, की हिवाळ्यात त्याची खोली कार्डानंच गरम होते, त्यामुळं उष्णता मोजायची असते हे त्याला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या एकानं माझ्या पद्धतीनं आपली कार्डं मोजली. सगळ्यांनी कौतुक केलं. 'थँक यू ब्रदर' म्हणाले. मी स्क्रीनकडं बघत पोळीचा गोळा हातात तसाच धरून उभी होते, आणि खोटं कशाला सांगू, मला लय आनंद झाला होता.

घरी सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, ह्यानं लाईट बिल वाढायलंय का? दिरानं मात्र कान टवकारले. त्यानं यादीत आपलं नाव बघितलं, फोटो काढून सगळ्यांना पाठवला. आठवडाभरात तालुक्याच्या साप्ताहिकात बातमी आली, की सेलूचा तरुण जगातल्या शास्त्रज्ञांना मदत करतो. सोबत फोटो. दीर माझ्या खुर्चीत बसलाय, हात माझ्या माऊसवर, नजर स्क्रीनकडं. फोटो नवऱ्यानं काढला होता. चेहऱ्यावर सावली आली म्हणून तो उजळून मी दिला.

मी दिराला म्हणाले, "भाऊजी, माझं नाव पण सांगायचं होतं की."

"सांगितलं होतं वहिनी," तो म्हणाला, "जागा पुरंना म्हणले."

इथवर मी सोडून दिलं असतं. साप्ताहिकातल्या फोटोनं कुणाचं पोट भरत नाही. पण त्या बातमीवरून परभणीच्या एका कॉलेजातून फोन आला. फोन अर्थात दिराला. तिथल्या विभागप्रमुख सरांना मुलांसाठी अशी एक लॅब काढायची होती, पुष्कळ मशीन एका खोलीत आणि सगळी या कामाला जोडलेली. लॅब सांभाळायला माणूस हवा होता. पगारी. डिग्रीची अट नाही, काम येत असलं म्हणजे झालं, असं सर म्हणाले होते. हे दीर जेवताना सांगत होता आणि मी वाढत होते. माझा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकं तेच काम मागत होतं जे मला येत होतं.

मी नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, ही नोकरी माझी आहे. माझ्या कामावर आली आहे. मला करायची आहे.

"रोज रेल्वेनं परभणीला जाशील?" तो म्हणाला. "आन् इथलं मिक्सिंग?"

"मी दोन्ही करीन."

"बघू. आधी त्यांना येऊ तर दे."

सर येणार होते मशीन बघायला. मी ठरवलं, भांडायचं नाही. सर आले की मशीन चालू करायचं, दोन्ही कार्डं त्यांच्या पुढं चालवून दाखवायची, वीज कमी-जास्त करून दाखवायची. दिराला ते चालूसुद्धा करता येत नव्हतं. सुरू करायचं बटण कुठं आहे एवढं माहीत होतं, पुढं काय करायचं ते नाही. पाच मिनिटं मशीन चालू झालं असतं तर कुणाला काही सांगायची गरजच नव्हती.

सरांना दिरानं दिवस दिला तो खंडेनवमीचा. मुद्दाम दिला असं मी म्हणत नाही, तेवढं त्याला डोकं नाही. सरांना नवरात्राची सुटी होती, गावाकडं जाता जाता येतो म्हणाले होते. पण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खंडेनवमीला आपण ज्यावर पोट भरतो त्या हत्यारांची पूजा करतो. शेतकऱ्याचा नांगर, शिंप्याची मशीन, आमचे कॅमेरे आणि कॉम्प्युटर. सगळं पुसून-झाडून मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. सकाळी मीच मशीन बंद केलं. चालू असलेला तुकडा नीट थांबवून ठेवला. ब्लोअरनं पंखे साफ केले. दोन्ही कार्डं असलेल्या कॅबिनेटवर मीच कुंकवाची बोटं ओढली. तेव्हा सर संध्याकाळी येणार असा निरोप होता, आणि ते आले की पूजा झालेली असली तरी मशीन चालू करायचं असं माझ्या मनात पक्कं होतं. देव एवढ्यानं रागवत नाही असा माझा अंदाज होता.

सर दुपारीच आले. दीर त्यांना घेऊन मागच्या खोलीत गेला. मी चहा घेऊन गेले तेव्हा सर फोनवर माझी ती तुलना उघडून बसले होते.

"हे फार नीट केलंय," ते दिराला म्हणाले. "एकट्यानंच केलं?"

"एकट्यानं कसं होतंय सर," दीर म्हणाला. "घरच्यांचा लय सपोर्ट हाय. वहिनींनी तर चहा करून करून जागवलंय मला."

मी ट्रे टेबलावर ठेवला. "सर, तुलना मी केली आहे," मी म्हणाले. "तुम्हाला चालू करून दाखवते." आणि खाली वाकून प्लगच्या बटणाला हात घातला.

"अगं, आज खंडेनवमी हाय," नवरा दारातून म्हणाला. "पूजा झालीय. आज हात लावायचा नसतोय, तुला म्हाईत न्हाई का?"

सर घाईघाईनं उठले. "नको, नको, ताई. राहू द्या. आमच्या घरी सुद्धा आज काही चालू करत नाहीत. माझ्यासाठी मोडू नका." मग दिराकडं वळून कौतुकानं हसले. "घर असं पाहिजे. वहिनी हक्कानं म्हणतात, तुलना मी केली."

सगळे हसले. दीर तर खाली बघून असा हसला, की लाजलाय असं वाटावं. मी हसले नाही. मी पुन्हा म्हणाले, की खरंच मी केली आहे. सर म्हणाले, "हो हो, तुमच्याशिवाय कसं झालं असतं." मग त्यांनी विचारलं कॉलेजसाठी कोणतं कार्ड घ्यावं, आणि ते माझ्याकडं बघून नाही विचारलं. दीर म्हणाला, मोठंच घ्यावं सर, दिवेवालं, पोरांना पण आवडतंय. मी म्हणाले मोठं घ्या, पण वीज कमी करून चालवा, नाहीतर उन्हाळ्यात पंचाईत होईल. तेवढ्यात सरांचा फोन वाजला, ते बोलत बोलत अंगणात गेले. हार घातलेलं मशीन तिथंच होतं. मी रिकामे कप उचलले.

रात्रीपर्यंत मला धीर नव्हता. सर जाताच मी नवऱ्याला सगळं बोलून घेतलं, सासूबाईंच्या देखत. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पगार घरातच येणार हाय ना? मंग कुणाचं का नाव लागंना. दोघा भावांत फूट नको पाडू." सासूबाई म्हणाल्या, पाहुण्यासमोर बाईनं असं मध्ये बोलू नये. त्या दोघांना मी आजही वाईट म्हणत नाही. पण त्या दुपारी मला दोघांचा तिटकारा आला होता आणि तो पुरता गेलेला नाही.

नोकरी दिराला लागली. तो आम्हाला सगळ्यांना घेऊन पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेला. मीही गेले, हात जोडले. काय मागावं ते सुचेना, म्हणून काही मागितलं नाही. मग तो सकाळच्या गाडीनं परभणीला जायला लागला आणि माझ्या फोनला काम लागलं.

"वहिनी, हे लाल अक्षरं यायलेत, काय करू?"

मी सांगायची. तो पलीकडून मोठ्यानं म्हणायचा, "हां, हां, बरोबर, मी तेच करायलो होतो." म्हणजे सर जवळ उभे असणार हे मला कळायचं. कणिक मळता मळता मी त्याची लॅब चालवत होते. तिथं इतकी कार्डं एकदम चालत आहेत हे ऐकायला बरं वाटायचं, एवढं खरं आहे.

होळी झाली तसं मी त्याला बजावलं. भाऊजी, आता ऊन वाढेल, सगळ्या कार्डांची वीज उतरवा. कशी उतरवायची ते पायरी पायरीनं सांगते.

"कमी केलं की पॉइंट कमी दिसतेत, वहिनी," तो म्हणाला. "सर रोज नंबर बघतेत."

"जरासेच कमी होतात. मी त्या तुलनेत लिहिलंय तसं."

"ते आपल्या घरच्या खोलीसाठी होतं. हितं कूलर हाय."

तो कूलर म्हणजे खिडकीतला पाण्याचा. बंद खोलीत ओली हवा ढकलणारा. चैत्र सरता सरता कार्डं तापायला लागली, वेग गळाला, मग वायरिंगवर ताण येऊन पूर्ण खोली एकदम बंद पडायला लागली. अर्धे तुकडे वाया. यादीत कॉलेज खाली घसरलं. सरांनी ती तुलना काढून दिरापुढं ठेवली आणि विचारलं, यात लिहिलेलं काम आणि आपल्या लॅबचं काम यात एवढा फरक कसा? खरेदी याच्या भरवशावर केली ना आपण?

दीर म्हणाला, "सर, ते गणित माझ्या वहिनींचं हाय."

हे त्यानंच मला नंतर सांगितलं, मान खाली घालून. त्या आधी मला सरांचा फोन आला. माझ्या नंबरवर आलेला त्यांचा पहिला फोन. मी मिक्सिंगला बसले होते.

"ताई, कार्डांची ती तुलना तुम्ही केली होती असं हे म्हणतात. खरं आहे का?"

"हो," मी म्हणाले. "ती माझीच आहे."

"सगळी?"

"सगळी. सर, त्यात शेवटी लिहिलंय बघा, वीज उतरवून..."

"असू द्या, असू द्या," सर म्हणाले. आवाज अगदी मायेचा. "घरी बसून केलेल्या गोष्टीत होतं असं. आम्हीच नीट तपासायला हवं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. यांच्या नोकरीला काही होऊ देत नाही मी." आणि त्यांनी फोन ठेवला. मी परत लावला, त्यांनी उचलला नाही.

संध्याकाळी दीर जिलेबी घेऊन आला. सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला. "वहिनी, तुमच्यामुळं वाचलो," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, हे मला मान्य करावं लागतं. नवरा म्हणाला, "अंगावर घेतलंस, बरं केलंस. घराची अब्रू राहिली." सासूबाईंनी त्या दिवशी मला आधी जेवायला बसवलं, पुरुषांच्या बरोबर, आणि स्वतः वाढायला उठल्या. जिलेबीचा मोठा तुकडा माझ्या ताटात आला.

मी नवऱ्याला म्हणाले, "मी काही अंगावर घेतलं नाही. तुलना मीच केली आहे."

"हो," तो हसून म्हणाला, "कुणी इचारलं तर असंच सांग."